पंचावन्नावे खोगीर

इंग्रज-मराठ्यांच्या भांडणात ठाण्याचा किल्ला दोनदा फुटला. १७७४ च्या डिसेंबरात तोफांनी आणि १८१६ च्या सप्टेंबरात एका गाण्याने. पहिल्या लढाईची हकीकत इतिहासात सविस्तर मिळते. जनरल गॉर्डनची फौज, खंदक बुजवण्याचा फसलेला प्रयत्न, त्यात गारद झालेले शंभरेक गोरे, दुसऱ्या दिवशी म्हणजे २८ तारखेला तटावर चढलेला हल्ला आणि मग आतल्या शिबंदीची कत्तल. दुसरी लढाई मात्र इतिहासकार चार ओळींत उरकतात आणि वाचक गंमत म्हणून सोडून देतात. तिच्यात तोफ नव्हती, मोर्चे नव्हते. एक मोतद्दार होता, त्याच्या साहेबाचा घोडा होता आणि कोठडीची एक खिडकी होती. मला ही दुसरी लढाई पहिलीपेक्षा कितीतरी अधिक बांधेसूद वाटते, आणि बांधणी आहे म्हटल्यावर तिचे रसग्रहण करायला हरकत नसावी. अडचण एवढीच, की मूळ गाणे हरवले आहे. पहाऱ्यावरच्या ज्यांनी ते ऐकले त्यांना ते कळले नाही, आणि ज्याला कळले त्याने ते लिहून ठेवले नाही.

आधी जागा पाहू. मुलुंड चेकनाक्यावरून ठाण्यात शिरताना आज आपण एक महापालिका सोडून दुसरीत जातो, इतकेच. १८१६ मध्ये मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सगळी साष्टी बेटावरची गावे, आणि ठाणे हे त्या बेटाचे मुख्य ठिकाण. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली. एकोणिसावे शतक उजाडता उजाडता शीव-कुर्ल्याच्या मध्ये डंकन कॉजवे झाला आणि मुंबईकर पाय न भिजवता साष्टीत येऊ लागला. पण ठाण्याची खाडी ओलांडली की कळवा, कल्याण आणि तिथून घाटमाथ्यापर्यंत सारा पेशव्यांचा मुलूख. किल्ला ऐन खाडीकाठी. (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. इमारतीने धंदा बदललेला नाही.) म्हणजे कोठडीतला कैदी आणि त्याच्या धन्याचे राज्य यांच्या मध्ये काय, तर तट, खंदक आणि भरती-ओहोटीचे पाणी. सरहद्दीवरच्या गावात इतका मोठा कैदी ठेवणे हा इंग्रजांचा आत्मविश्वास होता. आपल्या अनामिक गायकाला रंगमंच त्या आत्मविश्वासानेच बांधून दिला.

कैदी म्हणजे त्रिंबकजी डेंगळे. संगमनेरकडच्या निमगाव जाळीचा, दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीत चढत चढत कारभारी झालेला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ च्या जुलैत पंढरपुरात खून झाला. त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवून पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला बाजीरावाकडून मागून घेतले आणि ठाण्यास पाठवले. त्रिंबकजीच्या चारित्र्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले चांगले थोडेच आहे. पण आपल्याला इथे त्याचे चारित्र्य नको, त्याचे कान हवे आहेत.

पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. देशी शिपायाला पैसा चारता येतो, नात्यागोत्याची, जातीची भीड घालता येते, ही धास्ती होती आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. ग्रँट डफ हा स्वतः लष्करी माणूस. त्याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग आला आहे. गढीतल्या एका अंमलदाराच्या नोकरीत मराठा मोतद्दार होता, तो साहेबाचा घोडा फिरवताना त्रिंबकजीच्या खिडकीखालून ये-जा करी, आणि जे कळवायचे ते सहज गुणगुणल्यासारखे गाऊन जाई, असे तो सांगतो. गोऱ्यांना भाषा येत नव्हती, म्हणून संशय आला नाही. १२ सप्टेंबरच्या संध्याकाळी कैदी शौचाच्या निमित्ताने गेला, भिंतीला पाडून ठेवलेल्या भोकातून निसटला आणि नाहीसा झाला.

आता या चार ओळी उलगडून पाहू.

पहिली नजर घोडा फिरवण्यावर जायला हवी. घोड्याला रोज फिरवणे हे मोतद्दाराचे कामच. त्या कामात जाणे-येणे आहे, वेळ ठरलेली आहे, आणि तोच तो रस्ता पुन्हा पुन्हा धरण्यात कुणाला काही वावगे दिसत नाही. गाण्याचे ध्रुपद फिरून यावे लागते. इथे कवीच फिरून येत होता. एका फेरीत जे निसटले ते पुढच्या फेरीत पुरे करता येणार, लांब निरोप तुकड्यातुकड्यांनी चार दिवसांवर वाटता येणार. आणि यात एक फार नाजूक जागा आहे. एकच वाक्य तीनदा बोलणाऱ्या माणसावर पहारेकऱ्याची नजर जाते. एकच ओळ तीनदा गाणारा माणूस म्हणजे कामाला कंटाळलेला नोकर. निरोपाला पुनरुक्तीची गरज असते आणि गाण्यात पुनरुक्ती हा दोष नसतो, एवढी एक जाण असलेल्या माणसाने हा मार्ग निवडला. नुसते हेरकसब इथवर येत नाही. त्याला गाण्यातले कळत होते.

दुसरी जागा त्या बेफिकिरीची. आपले काव्यशास्त्र आवाजाच्या वळणाला काकू म्हणते. शब्द तेच ठेवून अर्थ फिरवण्याची ती युक्ती. या गायकाची काकू अर्थ फिरवण्यासाठी नव्हती, अर्थ आहे हेच लपवण्यासाठी होती. गळा फार गोड असता तर शिपायांनी थांबून ऐकले असते, कुणी त्याला मेसमध्ये गायलाही बोलावले असते. फार बेसूर असता तर हाकलून दिले असते. त्याला मधोमध कुठेतरी, कानावर पडून विसरले जाईल इतपत गायचे होते. जमलेल्या मैफलीत उठून दिसणे सोपे असते. रोज गाऊन एकदाही लक्षात न येणे ही सिद्धी मोठ्या गवयांनाही पेलणार नाही.

पण खरी बहार पुढे आहे. वाच्यार्थाच्या पलीकडचा अर्थ कशाकशाने कळतो याची यादी मम्मटाने काव्यप्रकाशात दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग, देश, काल. त्या यादीत एक कलम मोठे मौजेचे आहे: अन्यसन्निधी. म्हणजे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या जवळ तिसरा कुणी असणे. सासू ऐकत असताना सून शेजारणीला घरकामाचे गाऱ्हाणे सांगते, आणि दारात उभ्या असलेल्या भलत्याच माणसाला भेटीची वेळ कळते, असले ते प्रकरण. महाराष्ट्री प्राकृतातल्या हालाच्या गाथासप्तशतीत अशा गाथा ओळीने सापडतात, आणि आनंदवर्धनापासून सगळ्या ध्वनिवाद्यांनी उदाहरणांसाठी तिथेच हात घातला. ठाण्याचा गोरा पहारेकरी म्हणजे या परंपरेतला तिसरा माणूस. फरक एवढाच, की गाथेतल्या तिसऱ्याला वाच्यार्थ तरी कळतो. या बिचाऱ्याला तोही कळत नव्हता.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, मग गाण्याची उठाठेव कशाला? पहारेकऱ्याला मराठी येतच नाही तर खिडकीखाली उभे राहून सरळ सांगायचे, अमुक दिवशी अमुक ठिकाणी या. या प्रश्नाशी थबकल्याशिवाय रचनेची खोली कळत नाही. ठाणे हे मराठी बोलणारे गाव. किल्ल्यात भिस्ती होते, झाडूवाले होते, साहेबांचे बटलर आणि इतर मोतद्दार होते, बाजारातून ये-जा करणारे होते. यांतला कुणीही इनामासाठी साहेबाच्या कानाला लागू शकत होता. म्हणून कुंपणे दोन घातली. बाहेरचे कुंपण भाषेचे, ते गोऱ्यांसाठी. आतले कुंपण गाण्याचे, ते आपल्या लोकांसाठी. मराठी ऐकणाऱ्याला शब्द कळावेत, घोड्याचे नि रानाचे काहीतरी गाणे म्हणून सोडून द्यावेत, आणि कोठडीतल्या एकालाच त्यातला पत्ता सापडावा. एकाच ओळीचे तीन श्रोते, आणि तिघांना तीन निरनिराळ्या गोष्टी ऐकू येतात: एकाला आवाज, दुसऱ्याला गाणे, तिसऱ्याला निरोप. श्लेष साधला म्हणून पंडितकवी पानेच्या पाने मिरवतात. या माणसाने घोड्याचा लगाम हातात धरून तिपेडी श्लेष साधला.

गाण्यात काय होते, याचा एकच धागा उरला आहे आणि तो इंग्रजीत आहे. कलकत्त्याचा बिशप हेबर १८२४ मध्ये गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात गेला. त्रिंबकजी तेव्हा तिथे कैदेत होता. हेबरने सुटकेची हकीकत आपल्या प्रवासवृत्तात टिपली, ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये निघाले. त्याच्या सांगण्यात मोतद्दार शिफारसपत्र घेऊन खुद्द किल्ल्याच्या मुख्य अंमलदाराकडे नोकरीला राहतो. आणि मग हेबर दोन कडव्यांत ते गाणेच देतो. हेबर स्वतः स्तोत्रे रचणारा होता, हे विसरू नये. कडव्यांची ठेवण चोख इंग्रजी बॅलडची आहे. झुडपाआड दडलेले तिरंदाज आहेत, रानवाटेने सोबत घोडा दौडवणाऱ्या वीराची वाट पाहणे आहे. सह्याद्रीतले भिल्ल-कोळी तेव्हाही तिरकमठा बाळगत, हे खरे. तरी मला त्या झुडपामागून शेरवुडच्या जंगलाचा वास येतो. सुटका कशी झाली यासाठी मी ग्रँट डफवर विसंबेन. मजकुराबद्दल हेबरवर, आणि तेही जपून.

एक गोष्ट मात्र बिशपला सुचण्यासारखी नाही, असे माझे मत आहे. ती म्हणजे आकडे. त्या कडव्यांत घोडे मोजलेले आहेत, पंचावन्न. माणसेही मोजलेली आहेत, चोपन्न. नुसत्या अलंकारासाठी कवी शंभर म्हणतो, हजार म्हणतो, लाख म्हणतो. पंचावन्न हा अलंकाराचा आकडा नाही, तो पागेतल्या हजेरीचा आकडा आहे. बंदिवानाला नेमके तेच हवे असते. बाहेर किती जण आहेत, घोडी आहेत का, पाठलाग झाला तर निभाव लागेल का. ही सगळी लष्करी माहिती दोन संख्यांत बसली, आणि बसता बसता तिचे काव्य झाले. कारण दोन आकड्यांमध्ये एकाचा फरक आहे. एक खोगीर रिकामे आहे. ते कुणाचे, हे गाण्यात कुठेही नाही. हाक नाही, संबोधन नाही, पदवी नाही. त्रिंबकजीचे नाव त्यात नाही, त्याची जागा आहे. ऐकणाऱ्याने वजाबाकी केली की तो स्वतःच गाण्यात जाऊन बसतो. श्रोत्यावाचून काव्य अपुरे असते, असे आपण नेहमी म्हणतो. इथे ते अपुरेपण एकावर आणून ठेवले आहे, मोजून. व्यंजनेचा याहून काटेकोर नमुना मला तरी माहीत नाही.

आणि तो ऐकणारा साधासुधा नव्हता. बाजीरावाच्या पदरी येताना त्रिंबकजी जासूद होता. निरोप नेणे, आणणे, ऐकलेल्या शंभर गोष्टींतून कामाची एक वेचणे यातच त्याची उमेदवारी गेली. शिवाय तो संगमनेरच्या बाजूचा, म्हणजे अनंत फंदीच्या मुलखातला. फंदी तेव्हा म्हातारा, पण हयात होता. होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांचा तो जमाना. पुण्याच्या वाड्यापासून बाजारातल्या फडापर्यंत लावणी आणि पोवाडा लोकांच्या ओठांवर होता. त्यामुळे मोतद्दाराने एखादी ओळखीचीच चाल उचलली असावी, असा माझा तर्क आहे. नव्या चालीने नोकरचाकरांचे कान टवकारले असते. जुन्या चालीत मात्र बदललेला शब्द फक्त जाणकाराला खटकतो, आणि जो खटकला तोच निरोप. सहृदय म्हणजे कवीच्या हृदयाशी समान हृदय असलेला, अशी आपल्याकडची जुनी व्याख्या. जासुदाने जासुदासाठी रचलेल्या या गाण्यात ती व्याख्या शब्दशः खरी झाली. फक्त त्या रसिकाला एका गोष्टीची मनाई होती. त्याला मान डोलवता येत नव्हती, वाहवा म्हणता येत नव्हते, खिडकीशी जास्त वेळ रेंगाळणेसुद्धा महागात पडले असते. त्याने दाद दिली ती एकदम १२ सप्टेंबरला, खिडकी रिकामी ठेवून.

हेबरने या प्रसंगाला स्कॉटिश सरहद्दीवर शोभेल अशी युक्ती म्हटले, आणि तुलना अगदीच वावगी नाही. एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ दोघेही स्कॉट. सरहद्दीवरची गावे, त्यांवरून झालेल्या चकमकी आणि कैद्यांना पळवण्याचे पराक्रम यांची गाणी स्कॉटलंडमध्ये घरोघर चालत. वॉल्टर स्कॉटने १८०२ पासून ती ग्रंथरूपाने छापायला घेतली होती. त्यांतले एक गाजलेले गाणे किनमाँट विलीचे. इंग्रजांनी त्याला सरहद्दीजवळच्या कार्लाइलच्या किल्ल्यात डांबले होते, आणि १५९६ मध्ये त्याच्या लोकांनी रातोरात जाऊन त्याला सोडवून आणले. पण तिथे आधी पराक्रम झाला आणि मग गाणे रचले गेले. आपल्या पोवाड्याचीही हीच रीत: अफजलखान आधी पडतो, अज्ञानदास मागून गातो. ठाण्याच्या गाण्याने हा क्रम उलटा केला. ते पराक्रमाच्या आधीचे गाणे आहे, पराक्रमाचे हत्यार आहे, आणि पराक्रम झाल्यावर त्याचे काम संपले म्हणून ते गळून पडले. हरवले याची हळहळ वाटते खरी, पण टिकण्यासाठी ते रचलेलेच नव्हते. पकडले न जाणे हीच त्याच्या यशाची कसोटी असल्याने मूळ शब्द आपल्यापर्यंत पोचले नाहीत, यातही रचनेचा चोखपणाच दिसतो.

मराठी मुलखात या सुटकेचा भलताच बोलबाला झाला. लोक तिची तुलना थेट शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेशी करू लागले, असे ग्रँट डफ लिहितो, आणि ते त्याला अतिशयोक्त वाटते. मलाही वाटते. आग्र्याला बादशहाच्या हजारो डोळ्यांतून निसटायचे होते आणि परतीची वाट शेकडो कोसांची होती. इथे खाडी ओलांडली की घर. पण कारागिरीचाच प्रश्न असेल तर पेटाऱ्यांपेक्षा गाण्याकडे माझे मत थोडे झुकते, हे कबूल करतो.

पुढचे राजकारण वेगाने घडले. त्रिंबकजी डोंगरात माणसे जमवत राहिला. एल्फिन्स्टनने बाजीरावाला पेचात धरले, मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून मागितले, जूनमध्ये पुण्याचा जाचक तह लादला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि पुढच्या जूनमध्ये पेशवाई संपली. हेबरच्या कडव्यांचा शेवट पाहा: तो पंचावन्नावा स्वार घोड्यावर बसला की दख्खनला बरे दिवस येतील, असा आशय तिथे येतो. स्वार बसला, दिवस उलटेच आले. गाणे माहिती म्हणून बिनचूक होते, भविष्य म्हणून साफ चुकले. कवींकडून भविष्य मागू नये, हेच खरे.

१८१८ च्या जूनअखेरीस कॅप्टन स्वान्स्टनने त्रिंबकजीला नाशिक भागातल्या अहिरगावात पकडले. त्याला आधी पुन्हा ठाण्यालाच आणले, पण तिथे ठेवले नाही. या वेळी मात्र इंग्रजांनी त्या गाण्याचा अभ्यास केलेला दिसतो. सरहद्दीवरचे गाव त्यांनी टाळले, मराठी बोलणारा मुलूखही टाळला आणि त्याला पार काशीच्या अलीकडे चुनारला नेऊन ठेवले. तिथे खिडकीखालून कुणी मराठीत काही गुणगुणले असते तर तेवढ्यानेच सारा किल्ला जागा झाला असता. हेबरने पाहिलेली व्यवस्थाही वाचण्यासारखी आहे. निजायच्या खोलीला गजांच्या तीन खिडक्या, त्या सगळ्या पडवीत उघडणाऱ्या, आणि त्या पडवीतच पहारेकऱ्यांचा मुक्काम. म्हणजे खिडकीबाहेर घोडा फिरवायला जागाच उरली नाही. पहाऱ्याला गोरे होतेच, आता त्यांच्या जोडीला देशी शिपाईही होते. १८२९ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. साहेबाच्या घोड्याला रोज फिरवणाऱ्या त्या मोतद्दाराचे पुढे काय झाले, त्याची नोंद ना ग्रँट डफकडे आहे ना हेबरकडे.